२३ जुलै १८३० : दोन गिन्यांत बिअरचा परवाना

इंग्लंडमध्ये या दिवशी बिअरहाऊस कायद्याला राजमान्यता मिळाली. तोवर गुत्त्याचा परवाना स्थानिक मॅजिस्ट्रेटच्या मर्जीवर. बड्या बिअर कारखानदारांचे त्यात चांगलेच फावत असे. आता कोणाही करदात्या घरवाल्याने अबकारी खात्यात वर्षाला दोन गिन्या भरायच्या, दारावर नावाची पाटी ठोकायची आणि राहत्या घरात बिअर विकायची. जिन मात्र विकायची नाही. लोक जिन सोडून बिअरकडे वळतील, हा पंतप्रधान वेलिंग्टन (असईला शिंदे-भोसल्यांशी लढलेला वेलस्ली तो हाच!) यांच्या सरकारचा हिशेब. सहा महिन्यांत सुमारे २४ हजार परवाने निघाले. बैठकीच्या खोल्यांत पिंपे आली. अखेर १८६९मध्ये परवान्याचा अधिकार पुन्हा मॅजिस्ट्रेटांकडे गेला.