आग्यामोहोळ आणि आदिजीव

कोल्हापूरच्या माणसाला दगडाचे काय कौतुक! अंबाबाईचे देऊळ काळ्या दगडाचे, पन्हाळ्याचे कडे काळ्या दगडाचे. पण हा आमचा कातळ लाव्ह्याचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा. पृथ्वीच्या वयापुढे तो कालचे पोर. पहिल्या गुंतागुंतीच्या जीवांचा माग काढायचा, तर प्राचीन समुद्रतळावर थरावर थर साचून झालेला, याहून कितीतरी जुना खडक पाहावा लागतो. विंध्याच्या डोंगरांत तो आहे.

त्याच डोंगरांत भोपाळजवळ भीमबेटका आहे. तिथल्या चित्रगुहा विष्णु श्रीधर वाकणकर या मराठी संशोधकाने १९५७ साली उजेडात आणल्या. आगगाडीतून जाताना त्यांना हे खडक दुरून दिसले होते. पुढे २०२१ साली बातमी आली, की तिथल्या एका गुहेच्या छतावर 'डिकिन्सोनिया'चा ठसा सापडला. हा सुमारे पंचावन्न कोटी वर्षांपूर्वीचा, पानासारखा चपटा समुद्रजीव. ऑस्ट्रेलियात आणि रशियात त्याचे ठसे मिळाले होते, हिंदुस्थानात कधीच नव्हते. शिवाय त्या वाळूखडकाचे वय कोणी पंचावन्न कोटी वर्षे मानीत, तर कोणी शंभर कोटी. त्या एका ठशाने हा वादही मिटणार होता.

मला कोण आनंद झाला! त्या दिवाळीत अंगणातल्या किल्ल्याशी बसून मी नातीला ही सारी हकीकत रंगवून सांगितली. तिने शाळेत जाऊन ती सगळ्या वर्गाला ऐकवली.

२०२३ साली दुसरी बातमी आली. जोसेफ मीर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुहेत जाऊन तो ठसा निरखला. तो खडकात मुरलेला नव्हता, वरवर चिकटलेला होता आणि झडूही लागला होता. आग्यामोहोळ उठून गेल्यावर मागे राहिलेली ती खूण होती! पन्हाळ्याच्या कड्यांना लोंबणारी मोहोळे आम्ही लहानपणापासून पाहिलेली. तरी मला शंकासुद्धा आली नाही. मूळ शोध जाहीर करणारे ग्रेगरी रिटॅलॅक यांनी मात्र आपली चूक उघडपणे मान्य केली.

आता नातीला सांगणे भाग होते. ती म्हणाली, "आजोबा, म्हणजे मी वर्गात खोटं सांगितलं?" मला चटकन उत्तर सुचेना.

मग मी तिला चित्रकूटची गोष्ट सांगितली. १९९८ साली रफत आझमी यांनी विंध्यातल्या खडकांतून सूक्ष्म जीवाश्म मिळाल्याचे जाहीर केले आणि ते सुमारे चोपन्न कोटी वर्षांपूर्वीचे मानले. खडक त्याहून फार जुना निघाला, तेव्हा जीवाश्मांवरच संशय आला. पुढे स्वीडनचे स्टेफान बेंग्टसन यांनी चित्रकूटचे दगड पुन्हा तपासले. जीवाश्म खरे होते आणि खडकही खरोखरच सुमारे एकशेसाठ कोटी वर्षांचा! २०१७ साली त्यांतल्या तंतूसारख्या, बहुधा तांबड्या शेवाळाला आझमींचे नाव मिळाले: 'रफताझमिया चित्रकूटेन्सिस'. उथळ समुद्राच्या तळाशी वाढलेल्या गुंतागुंतीच्या जीवांच्या अतिप्राचीन खुणांत आज त्याची गणना होते.

"म्हणजे त्यांचं वय चुकलं, पण शोध खरा," नात म्हणाली. "आणि आपला शोधच चुकला."

दुसऱ्या दिवशी तिने वर्गात उभे राहून दोन्ही गोष्टी सांगितल्या. यंदाच्या किल्ल्यावर, मावळ्यांच्या शेजारी, तिने मेणाचे एक इवलेसे मोहोळ टांगले आहे.