मेणकागदावरची कविता: अरुण कोलटकर आणि अनियतकालिके

१९५४ साली मुंबईत ‘शब्द’ हे अनियतकालिक निघाले. दिलीप चित्रे, रमेश समर्थ, अरुण कोलटकर ही मंडळी त्यामागे होती. अंक छापखान्यात जात नसे, सायक्लोस्टाइलवर निघे: मेणकागदावर अक्षरे कोरायची, तो शाईच्या रुळावर चढवायचा आणि रूळ फिरवत प्रती काढायच्या. मराठीतल्या लघुनियतकालिकांच्या चळवळीची सुरुवात बहुधा इथूनच धरतात.

त्याच सुमारास रशियात कवी टंकयंत्रात कार्बन घालून कविता चोरून वाटू लागले होते. या खटाटोपाला तिथे ‘सामिझदात’, म्हणजे स्वतःच केलेले प्रकाशन, असे नाव पडले. मॉस्कोचा द्मित्री प्रिगोव हा शिल्पकलेचे शिक्षण घेतलेला कवी त्याच परंपरेतला. रस्त्यात लोकांना कवितेचे कागद वाटले म्हणून १९८६ मध्ये त्याला मनोरुग्णालयात डांबले गेले. मराठी कवींवर अशी वेळ आली नाही. त्यांचे भांडण सरकारशी कमी आणि ‘सत्यकथा’ या प्रस्थापित मासिकाच्या अभिरुचीशी जास्त होते. राजा ढाले आणि त्यांच्या मित्रांनी त्या मासिकाची होळीही केली. अशोक शहाणे यांचे ‘असो’, सतीश काळसेकरांचे ‘फक्त’, चंद्रकांत खोतांचे ‘अबकडइ’, औरंगाबादेत भालचंद्र नेमाड्यांचे ‘वाचा’ अशी अनियतकालिके निघत आणि बंद पडत राहिली. कोर्टकचेरी मात्र इथेही टळली नाही. वसंत दत्तात्रेय गुर्जर यांची ‘गांधी मला भेटला’ ही कविता १९८३ मध्ये पोस्टर म्हणून निघाली. १९९४ मध्ये ती बँक कर्मचाऱ्यांच्या एका नियतकालिकात पुन्हा छापली गेल्यावर अश्लीलतेचा खटला उभा राहिला आणि तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, तिथला निकाल २०१५ मध्ये लागला.

या सगळ्यांत लिहिणारा आणि रेखाटणारा हात एकच असण्याचे ठळक उदाहरण म्हणजे कोलटकर. जन्म कोल्हापूरचा, १९३१चा. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टची पदविका त्यांनी १९५७ मध्ये घेतली आणि पोटासाठी जाहिरातक्षेत्र धरले. तिथे आरेखक म्हणून त्यांचे नाव मोठे झाले. जाहिरातीत मोजक्या जागेत नेमके सांगावे लागते. त्यांच्या कवितेतली काटकसर पाहताना हा धंदा आठवल्याशिवाय राहत नाही.

पुस्तक काढण्याची घाई त्यांना कधीच नव्हती. ‘जेजुरी’ या इंग्रजी कवितासंग्रहाचे पहिले हस्तलिखित एका संपादकाकडे हरवले, त्यांनी ते पुन्हा लिहिले. १९७४ मध्ये ते एका इंग्रजी त्रैमासिकात आले आणि १९७६ मध्ये ‘क्लिअरिंग हाउस’ने पुस्तकरूपात काढले. अदिल जस्सावाला, अरविंद कृष्ण मेहरोत्रा, गीव्ह पटेल आणि कोलटकर या कवींनीच चालवलेली ही प्रकाशनसंस्था. पुढच्या वर्षी ‘जेजुरी’ला राष्ट्रकुल कविता पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी शहाण्यांच्या ‘प्रास प्रकाशना’ने ‘अरुण कोलटकरच्या कविता’ काढल्या. त्यानंतर २००३ पर्यंत एकही मराठी संग्रह नाही! मुलाखत नको, घरी फोन नको. भेटायचे तर काळा घोड्याजवळच्या ‘वेसाइड इन’मध्ये, गुरुवारी दुपारी. भूमिगत राहणे म्हणायचे तर ते हेच, आणि तेही स्वखुशीने पत्करलेले.

मग ‘चिरीमिरी’, ‘भिजकी वही’, ‘द्रोण’ आणि इंग्रजीतली ‘सर्पसत्र’ व ‘काळा घोडा पोएम्स’ अशी पुस्तके ‘प्रास’कडून दोनेक वर्षांत आली. ‘भिजकी वही’ ही जगभरच्या रडणाऱ्या स्त्रियांची वही आहे. तिच्यात नादेझ्दा मांडेलश्टाम भेटते: नवरा ओसिप स्टालिनच्या छावणीत मेला, त्याच्या कविता कागदावर ठेवणे जिवावरचे, म्हणून हिने त्या वर्षानुवर्षे तोंडपाठ करून जपल्या. या पुस्तकाला २००५चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, पण तोवर कवी गेला होता. २५ सप्टेंबर २००४ रोजी पुण्यात कोलटकरांचे कर्करोगाने निधन झाले.

२००५ मध्ये ‘प्रास’ने त्यांचे ‘द पोलिसमन’ काढले. ते तेरा प्रवेशांचे नाटक आहे. त्यात संवाद नाहीत, सगळी चित्रेच आहेत.