एका शिलिंगातले महायुद्ध

ज्या वस्तू टिकाव्यात म्हणून केलेल्या असतात त्या पुष्कळदा टिकत नाहीत आणि वाचून टाकून देण्यासाठीच छापलेल्या काही वस्तू मात्र माणसे पन्नास-साठ वर्षे जिवापाड जपतात, हा मनुष्यस्वभावाचा एक मौजेचा भाग होय. ब्रिटनमध्ये आज साठी-सत्तरी ओलांडलेले कित्येक गृहस्थ असे आहेत की, त्यांच्या कपाटांत खिशात मावतील अशा जुन्या युद्धचित्रकथांच्या शेकडो पुस्तिका क्रमांकवार लावून ठेवलेल्या असतात. टाचण्या गंजलेल्या, कागद पिवळा पडून कडांशी तुटू लागलेला, मुखपृष्ठावर एखाद्या मुलाने शाईने घातलेले आपले नाव. तरीही एखादा न सापडलेला अंक मिळावा म्हणून हे लोक जुन्या बाजारांतून हिंडतात आणि मूळ किमतीच्या कितीतरी पट पैसे आनंदाने मोजतात. बाहेरून पाहणारास हा पोरखेळ वाटेल. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाने त्याकडे जरा थांबून पाहावे असे आम्हांस वाटते. कारण एका राष्ट्राने आपल्या युद्धाची आठवण पुढच्या पिढीच्या हाती कशी दिली, याची एक नोंद या पुस्तिकांत आहे.

या प्रकाराचा आरंभ सप्टेंबर १९५८ मधला. लंडनच्या अमॅल्गमेटेड प्रेसने, जी पुढे फ्लीटवे या नावाने ओळखली जाऊ लागली, ‘वॉर पिक्चर लायब्ररी’ नावाची मालिका त्या महिन्यात काढली. चौसष्ट पाने, एका अंकात एक संपूर्ण कथा, आत काळीपांढरी चित्रे, बाहेर झगझगीत रंगीत मुखपृष्ठ आणि किंमत एक शिलिंग. डंकर्कच्या माघारीवरील कथा पहिल्या अंकात होती. मालिका चालली आणि पाठोपाठ भावंडेही जन्मास आली: १९६० साली वैमानिकांसाठी ‘एअर एस’, १९६१ साली ‘बॅटल’, १९६२ साली आरमारासाठी ‘वॉर अ‍ॅट सी’. १९६१ सालीच स्कॉटलंडमधील डंडी येथील डी. सी. थॉमसन या प्रकाशनसंस्थेने ‘कमांडो’ सुरू केले. आकार तोच, किंमत तीच. लंडनची ‘वॉर पिक्चर लायब्ररी’ दोन हजारांहून अधिक अंक काढून १९८४ साली थांबली. डंडीचे ‘कमांडो’ मात्र चालूच राहिले आणि २०१७ साली त्याने पाच हजारावा अंक प्रसिद्ध केला.

१९४५ साली संपलेल्या युद्धाच्या कथा १९५८ साली एवढ्या का खपाव्यात, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. युद्ध जिंकलेल्या ब्रिटनमध्ये अन्नधान्याचे रेशनिंग १९५४ पर्यंत चालू होते. साम्राज्य एकेक मुलूख सोडीत होते. १९५६ सालच्या सुएझ प्रकरणाने उरलासुरला डौलही उतरविला. अशा दिवसांत मागे वळून पाहिले की १९४० साल उजळ दिसे. चित्रपटगृहांत १९५५ साली धरणे फोडणाऱ्या वैमानिकांचा ‘द डॅम बस्टर्स’ आणि १९५७ साली ‘द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’ गर्दी खेचीत होते. सक्तीच्या सैनिकी सेवेसाठी तरुणांना बोलाविणे १९६० अखेर बंद झाले, म्हणजे या पुस्तिका वाचू लागलेली मुलेच गणवेश न चढविणारी पहिली पिढी ठरली. घरोघरी युद्धाहून परतलेले बाप होते, पण त्यांतले पुष्कळ त्याविषयी बोलत नसत. पदक कपाटाच्या खणात असे आणि प्रश्नाला उत्तर मिळत नसे. बापाने न सांगितलेली गोष्ट एक शिलिंग टाकून कोपऱ्यावरच्या दुकानात मिळे. या पुस्तिकांच्या खपाचे सर्वांत मोठे कारण आम्हांस हेच दिसते.

पुस्तिकांचे व्याकरण ठरलेले होते. एक भित्रा शिपाई शेवटी धीट होतो. एक उर्मट अधिकारी आपल्या माणसांपुढे नमतो. परस्परांचा द्वेष करणारे दोघे एकाच खंदकात मित्र होतात. दगाबाज असतो त्याला शासन होते. जर्मन सैनिक ‘आखटुंग’ आणि ‘डोनरवेटर’ म्हणत, जपानी सैनिक ‘बान्झाई’ अशी आरोळी ठोकीत, आणि ब्रिटनमधील एका सबंध पिढीचे जर्मन भाषेचे ज्ञान अशा पाचदहा उद्गारांपाशी सुरू होऊन तेथेच संपले. शत्रूविषयीची ही ठोकळेबाज चित्रे आज खटकतात व ती खटकलीच पाहिजेत. परंतु त्याबरोबर हेही सांगावयास हवे की, रणगाडा कोणत्या बनावटीचा, विमानाचा पंखा कोणत्या आकाराचा, बंदुकीची पट्टी कोठे लागते, यांत हे चित्रकार सहसा चुकत नसत. लेखकांपैकी अनेक जण स्वतः सैन्यात राहून आलेले होते. म्हणूनच अनेक कथांत शौर्याच्या शेजारी थकवा, चिखल, मूर्ख हुकूम आणि सोबत्याचे मरण हेही येते. मुलांना ते तेव्हा जाणवले नसेल. पण संग्राहक जेव्हा उतारवयात तीच पुस्तिका पुन्हा उघडतो तेव्हा त्याचे डोळे त्याच चौकटीवर अडतात.

या पुस्तिकांवर लेखकाचे वा चित्रकाराचे नाव छापीत नसत. मूळ चित्रे प्रकाशकाच्या कोठारात पडून राहत. कोणती रेषा कोणाची, हे पुढे चिकाटीच्या वाचकांनी हस्ताक्षर ओळखावे तसे ओळखून काढले, आणि हे त्या छंदाचे इतिहासावरील खरे उपकार होत. या शोधातून एक विलक्षण गोष्ट उजेडात आली: ब्रिटिश पराक्रमाची ही चित्रे काढणारांत इटालियन, स्पॅनिश आणि अर्जेंटिनाचे चित्रकार मोठ्या संख्येने होते. मुखपृष्ठे रंगविणारे ज्योर्जिओ दे गास्पारी इटलीचे, जोर्दी पेनाल्वा स्पेनचे. पुढे ‘कोर्तो माल्तेसे’ या नाविकाच्या कथांनी जगप्रसिद्ध झालेले ह्यूगो प्रॅट यांनीही फ्लीटवेसाठी युद्धकथा चितारल्या. या प्रॅट यांचे बालपण इटलीने जिंकलेल्या अबिसीनियात गेले. १९४१ साली ब्रिटिश फौजांनी तो मुलूख घेतला, त्यांचे वडील कैद झाले व कैदेतच वारले. आई व मुलगा यांनाही छावणीत ठेवण्यात आले होते. ज्यांच्या कैदेत आपला बाप गेला, त्यांच्याच मुलांसाठी या माणसाने त्यांच्या विजयाची चित्रे काढली. त्या चित्रांतील पराभूत माणसांचे चेहरे इतके जिवंत का, याचे उत्तर आम्हांस या चरित्रात दिसते.

सत्तरच्या दशकात वारे पालटले. १९७४ साली डी. सी. थॉमसनने ‘वॉरलॉर्ड’ काढले. त्यास उत्तर म्हणून १९७५ च्या मार्चमध्ये लंडनहून पॅट मिल्स व जॉन वॅग्नर यांनी घडविलेले ‘बॅटल पिक्चर वीकली’ निघाले. १९७६ साली ‘अ‍ॅक्शन’ या साप्ताहिकाने हेलमन नावाच्या जर्मन रणगाडा-अधिकाऱ्यासच नायक केले. त्या साप्ताहिकाच्या हिंसक मजकुरावरून एवढा गदारोळ झाला की, त्याच वर्षी ते काही काळ मागे घ्यावे लागले. हेलमन पुढे ‘बॅटल’च्या पानांत आला. परंतु या सर्व प्रकारातील शिखर म्हणजे जानेवारी १९७९ पासून ‘बॅटल’मध्ये आलेली ‘चार्लीज वॉर’ ही कथामाला. लेखक पॅट मिल्स, चित्रकार जो कॉकुहून. चार्ली बॉर्न हा लंडनमधील गरीब घरचा सोळा वर्षांचा पोरगा वय चोरून पहिल्या महायुद्धात भरती होतो. सोमच्या लढाईच्या पहिल्याच दिवशी, १ जुलै १९१६ रोजी, ब्रिटिश सैन्याचे ५७,४७० लोक मृत, जखमी वा बेपत्ता झाले. त्यांतील १९,२४० मरण पावले. हे आकडे पाठ्यपुस्तकातही असतात. या कथेने त्यांना चेहरे दिले. चार्लीची अशुद्ध लेखनातली घरची पत्रे आणि त्याच चौकटीत दिसणारी प्रत्यक्ष खंदकाची स्थिती यांतील अंतर वाचून मुले गप्प होत. १९१७ सालचे एताप्ल येथील सैनिकांचे बंडही त्यात आले. मिल्स यांनी लिहिलेला भाग १९३३ सालच्या बेकार चार्लीपाशी संपतो. तिकडे जर्मनीत हिटलर सत्तेवर आलेला असतो. मुलांच्या साप्ताहिकात युद्धाविषयी इतके कठोर सत्य छापले जावे, ही सामान्य गोष्ट नव्हे.

पुढे हा व्यवसाय ओसरला. ‘वॉरलॉर्ड’ १९८६ साली, ‘बॅटल’ १९८८ साली, तर १९६१ पासून चाललेले ‘व्हिक्टर’ १९९२ साली बंद पडले. आणि नेमके तेव्हापासून त्यांचे दुसरे आयुष्य सुरू झाले. २००४ पासून ‘चार्लीज वॉर’ची सुबक पुस्तके निघू लागली, २००५ साली निवडक ‘कमांडो’ कथांचा जाडजूड संग्रह आला, २०११ साली लंडनच्या राष्ट्रीय सैन्य संग्रहालयाने ‘कमांडो’च्या चित्रांचे प्रदर्शन भरविले. फ्लीटवेचा जुना ठेवा २०१६ व २०१८ अशा दोन टप्प्यांत रिबेलियन या कंपनीने विकत घेतला आणि प्रॅट यांच्या युद्धकथा आता त्यांच्या नावासह छापल्या गेल्या. एकेकाळी शिक्षक वर्गात जप्त करीत ती वस्तू संग्रहालयाच्या काचेआड गेली.

मग संग्राहक नेमके काय जमवितो? युद्ध तर त्याने पाहिलेलेच नाही. त्याला आठवते ती पावसाळी शनिवारची दुपार, दुकानातील तारेची फिरती मांडणी, अंकांची अदलाबदल करणारा मित्र, आणि शेजारच्या खुर्चीत वर्तमानपत्र धरून बसलेला न बोलणारा बाप. अशी आठवण निरुपद्रवी असते असे मात्र आम्ही म्हणणार नाही. विजयाच्या गोष्टी वारंवार वाचल्या की राष्ट्राला आपण नेहमी एकट्यानेच लढलो असे वाटू लागते. १९४० सालच्या ‘एकाकी’ ब्रिटनमागे त्या वेळीही अर्ध्या जगातील माणसे आणि धान्य उभे होते, ही गोष्ट त्या चौसष्ट पानांत क्वचितच मावली.

येथे आमचा संबंध येतो. दुसऱ्या महायुद्धात २५ लाख भारतीय स्वेच्छेने सैन्यात होते. या पुस्तिका आपल्याकडेही आल्या. छावण्यांच्या गावी, भाड्याने पुस्तके देणाऱ्या दुकानांतून त्या हातोहात फिरल्या, आणि दर्यागंजच्या रविवारच्या पुस्तकबाजारात, तो २०१९ साली पदपथावरून महिला हाट येथे हलविला जाण्यापूर्वी, आम्हीही त्या ढिगांतून निवडून घेतल्या आहेत. आपल्याकडील मुलांनी त्या आवडीने वाचल्या. पण त्यांत कोणी भारतीय दिसलाच तर तो बहुधा कुकरी परजणारा गुरखा असे, नाही तर चित्राच्या कडेला पगडीचा एक आकार. बर्मातील चौदाव्या सेनेत बहुसंख्य सैनिक भारतीय होते, हे त्या जंगलकथा वाचून कोणाच्या ध्यानी येणार नाही. ज्या मोहिमेत प्रॅट यांचे वडील कैद झाले, तिच्यातील केरेनच्या डोंगरांवरील लढाईत मराठा पलटणीचे लोक चढून गेले होते; त्यांचेही चित्र कोणी सहसा काढले नाही.

चित्र काढण्याजोगे घडले नव्हते असे नाही. माणगाव तालुक्यातील नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत, आपल्या तुकडीतील सर्व सोबती मृत वा जखमी झाल्यावर, एकटे शत्रूच्या मशीनगनवर धावून गेले, ठाणे काबीज केले आणि तेथेच गोळी लागून पडले. नगर जिल्ह्यातील शिपाई नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीकाठी दोन जखमी सोबत्यांना एकामागून एक पाण्यातून व सुरुंगांतून वाहून सुरक्षित नेले; मग परत जाऊन शत्रूची ठाणी मोडली आणि बांधावर उभे राहून मराठ्यांची रणगर्जना केली. दोघांसही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. घाडगे यांचा पुतळा माणगावास आहे, आणि इटलीतील मोन्तोने या गावी त्यांच्या नावाचे छायायंत्र २०२३ साली उभारले गेले. परक्या गावाने त्यांच्या नावे ऊन-सावली मोजावी, आणि आमच्या मुलांना मात्र ते नाव परीक्षेपुरतेही ठाऊक नसावे, याचा दोष इंग्रज प्रकाशकांना देता येणार नाही. त्यांनी आपल्या बापांच्या गोष्टी आपल्या मुलांना सांगितल्या. आमच्या गोष्टी सांगण्याचे काम आमचे होते.

म्हणून त्या म्हाताऱ्या संग्राहकांना आम्ही हसत नाही. त्यांच्या चिकाटीने निनावी चित्रकारांना नावे मिळाली, रद्दीत जाणारा एक दस्तऐवज वाचला. बदलीची नोकरी करणारांच्या घरी याच्या उलट घडते. दर तीन-चार वर्षांनी हुकूम येतो, सामानाचे वजन मोजले जाते आणि प्रथम जुने कागद निघतात. आजोबांचे पलटणीतून सुटल्याचे प्रमाणपत्र, बसरा किंवा नेपल्स येथून आलेले मोडीतले पोस्टकार्ड, रिबिनीचा रंग उडालेले एखादे पदक, अशा वस्तू आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या ट्रंकांत आजही असतील. पुढच्या बदलीस सामान बांधताना त्या बाजूस काढाव्यात, त्यांवर नाव, गाव, पलटण आणि साल लिहून ठेवावे, आणि घरातील ज्या वडीलधाऱ्या माणसास त्यांची हकीकत ठाऊक असेल त्याच्याकडून ती त्याच दिवशी लिहून घ्यावी. एवढे झाले तर पुढे कोणी चित्रकार निघेल तेव्हा त्याच्या हाती निदान मजकूर तरी असेल.