पत्ता कुणाला विचारायचा?

विंडोजच्या नेटवर्क सेटिंगमध्ये जरा आत शिरले की एक छोटी खिडकी उघडते. तिच्यात डीएनएस सर्व्हरसाठी दोन रकाने असतात, एक पहिल्या पसंतीचा आणि दुसरा पर्यायी. बहुतेक घरांत ते कोरेच राहतात. कोरे असले की वेबसाइटच्या नावाचा आयपी पत्ता, म्हणजे तिचा आकडी पत्ता, कुणाला विचारायचा, हे इंटरनेट पुरवणारी कंपनी किंवा तिने बसवलेला राउटर ठरवतो. आकडे भरले की घरातला माणूस ठरवतो. या दोन रकान्यांत काय असावे, यावरून गेल्या तीस वर्षांत चोऱ्या झाल्या, कंपन्या आणि सरकारे हातघाईवर आली आणि एका देशात तर हे आकडे भिंतींवर रंगवले गेले.

सुरुवातीला रकान्यांची गरजच नव्हती. १९७०च्या दशकात अमेरिकेच्या अर्पानेटवरच्या सगळ्या संगणकांची नावे आणि पत्ते एकाच फाइलमध्ये मावत. कॅलिफोर्नियात मेन्लो पार्क येथील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर यांच्या हाताखालची मंडळी ती 'होस्ट्स' फाइल सांभाळत. नवा संगणक जोडायचा तर त्यांच्या कचेरीला कळवायचे, तेही कामाच्या वेळेत. मग फाइल दुरुस्त होई आणि ठिकठिकाणचे लोक तिची नवी प्रत उतरवून घेत. जाळे वाढले तशी ही पद्धत लंगडू लागली. फाइल फुगत चालली, ती उतरवून घेण्याचाच भार होऊ लागला आणि एखाद्याने जुनीच प्रत ठेवली तर त्याच्यापुरता नवा संगणक अस्तित्वातच नसे.

यावर तोडगा काढायचे काम अर्पानेटच्या घडणीतले एक तंत्रज्ञ जॉन पोस्टेल यांनी दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या एका संस्थेतले त्यांचे सहकारी पॉल मॉकापेट्रिस यांच्याकडे सोपवले. इतरांनी मांडलेल्या योजनांचा मेळ घाला, अशी अपेक्षा होती. मॉकापेट्रिस यांनी त्या बाजूला ठेवून स्वतःचीच योजना रचली, तीच 'डोमेन नेम सिस्टिम' म्हणजे डीएनएस, आणि नोव्हेंबर १९८३मध्ये ती प्रसिद्ध झाली. तिच्यात संपूर्ण यादी कुणाकडेच नसते. मूळ सर्व्हरला एवढेच ठाऊक असते की '.कॉम'ची चौकशी कुठे करायची. '.कॉम'वाल्याला ठाऊक असते की अमुक कंपनीची नोंद कुणाकडे आहे, आणि अखेरचे उत्तर त्या कंपनीचाच सर्व्हर देतो. घरच्या संगणकाला ही दारोदार हिंडण्याची यातायात करावी लागत नाही. तो एका मध्यस्थाला विचारतो. मध्यस्थ हिंडून उत्तर आणतो आणि पुढच्या गिऱ्हाइकासाठी काही काळ जवळ ठेवतो. विंडोजच्या त्या दोन रकान्यांत लिहायचा असतो तो या मध्यस्थाचा आयपी पत्ता.

१९८४मध्ये बर्कलेतल्या चार विद्यार्थ्यांनी या योजनेवर 'बाइंड' हे सॉफ्टवेअर लिहिले आणि ते युनिक्सबरोबर विद्यापीठाविद्यापीठांत पोचले. भारताच्या वाट्याला '.इन' हे नाव १९८९मध्ये आले. त्याची नोंदवही मुंबईत होती: जुहूच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीने ती २००५च्या सुरुवातीपर्यंत सांभाळली.

भारतात घराघरांतल्या संगणकाचा या व्यवहाराशी संबंध आला तो १९९५मध्ये. १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नईत सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. नऊच दिवसांनी अमेरिकेत विंडोज ९५ बाजारात आले. त्या विंडोजमध्ये डीएनएस लावणे म्हणजे एक छोटेखानी विधीच होता. कंट्रोल पॅनेलमध्ये नेटवर्क उघडायचे, टीसीपी/आयपीवर जायचे, डीएनएसचा वेगळा टॅब शोधून तो चालू करायचा, कंपनीने दिलेले आकडे टंकायचे, 'अ‍ॅड' दाबायचे. निगमचे हे आकडे २०२.५४ने सुरू होत. शेवटी 'ओके' म्हटले की संगणक पुन्हा सुरू करायची परवानगी मागे. एखादा आकडा चुकला तर गंमत अशी, की मोडेम नेहमीसारखा किरकिरे, जोडणी झाल्याचेही दिसे. पण एकही पान उघडत नसे. नावाऐवजी थेट आयपी पत्ता टाकला, तर मात्र तेच पान येई.

ही कटकट फार दिवस टिकली नाही. डिसेंबर १९९५मध्येच अशी पद्धत लिहून ठेवली गेली, की फोन लागताक्षणी कंपनीच्या यंत्रणेने आपल्या सर्व्हरचे पत्ते संगणकाला आपसूक सांगावेत. पुढे ब्रॉडबँड आले, राउटर आले, आणि 'पत्ता आपोआप मिळवा' हा पर्याय आधीपासूनच निवडलेला येऊ लागला. रकाने कोरे झाले आणि लोक त्यांना विसरले.

धंदेवाल्यांना मात्र विसर पडला नव्हता. लोक पत्ता विचारताना चुकतात आणि त्या चुकीतही पैसा आहे, हे त्यांनी हेरले होते. '.कॉम' आणि '.नेट' सांभाळणाऱ्या व्हेरिसाइन कंपनीने १५ सप्टेंबर २००३ रोजी एक नवी सोय सुरू केली. अस्तित्वात नसलेले नाव कुणी टाकले, तर 'असे नाव नाही' हे उत्तर न देता त्याला कंपनीच्याच पानावर नेले जाऊ लागले. नावाच्या खरेखोटेपणावरून स्पॅम गाळणाऱ्या यंत्रणांचा त्यामुळे गोंधळ उडाला. जगभरचे तंत्रज्ञ खवळले, इंटरनेटवरच्या नावांचा कारभार पाहणाऱ्या आयकॅन संस्थेने बडगा उगारला आणि ऑक्टोबरच्या पहिल्याच आठवड्यात व्हेरिसाइनने माघार घेतली. इंटरनेट पुरवणाऱ्या काही कंपन्यांनी पुढे हीच युक्ती आपापल्या गिऱ्हाइकांवर चालवली आणि चुकलेल्या नावाबरोबर जाहिराती दिसू लागल्या.

मग काही घरांत ते रकाने पुन्हा उघडले. जाणकारांना ४.२.२.२ हा पत्ता तोंडपाठ असे. तो लोकांसाठी म्हणून कुणी जाहीर केलेला नव्हता, पण विचारले की उत्तर देई. जुलै २००६मध्ये डेव्हिड उलेविच यांनी ओपनडीएनएस ही उघड, फुकट सेवा सुरू केली. वेग आणि फसव्या वेबसाइटांपासून बचाव ही तिची जाहिरात होती. चुकलेल्या नावावर जाहिराती मात्र तीही दाखवी. २००८मध्ये संगणक-सुरक्षेचे संशोधक डॅन कामिन्स्की यांनी दाखवून दिले की मध्यस्थाच्या साठ्यात खोटे उत्तर घुसवणे वाटले होते त्याहून फार सोपे आहे. त्या जुलैत बड्या कंपन्यांनी गुपचूप ठरवून एकाच दिवशी दुरुस्त्या बाहेर काढल्या. आपल्या कंपनीचा सर्व्हर दुरुस्त झाला आहे की नाही, हे सामान्य माणसाला कसे कळावे? ३ डिसेंबर २००९ रोजी गूगलने ८.८.८.८ आणि ८.८.४.४ हे पत्ते खुले केले. लक्षात ठेवायला इतके सोपे आकडे आधी कुणी जाहीरपणे दिले नव्हते.

दरम्यान चोरांनीही याच रकान्यांवर हात मारला होता. 'डीएनएस-चेंजर' हा व्हायरस संगणकात शिरला की डीएनएसचे आकडे बदले. वरवर बाकी सगळे जागच्या जागी दिसे. मालकाला वाटे आपण हव्या त्या वेबसाइटवर चाललो आहोत, आणि चोर त्याला आपल्या जाहिरातींकडे वळवून पैसे कमावत. नोव्हेंबर २०११मध्ये एफबीआयच्या तपासातून एस्टोनियात सहा जणांना अटक झाली, तेव्हा शंभरहून अधिक देशांतले सुमारे ४० लाख संगणक या जाळ्यात सापडल्याचे सांगितले गेले. पेच पुढेच होता. चोरांचे सर्व्हर बंद केले, तर या लाखो संगणकांना पत्ता सांगायला कुणीच उरणार नव्हते. म्हणून न्यायालयाच्या परवानगीने त्यांच्या जागी प्रामाणिक सर्व्हर बसवले गेले. ते ९ जुलै २०१२पर्यंत चालले. तोवर लोकांनी आपापले रकाने तपासावेत, असे आवाहन होत राहिले.

तुर्कस्तानात २०१४च्या मार्चमध्ये स्थानिक निवडणुका तोंडावर होत्या आणि भ्रष्टाचाराच्या आरोपांच्या ध्वनिफिती ट्विटरवरून फिरत होत्या. २० मार्चला पंतप्रधान एर्दोआन यांनी सभेत ट्विटर संपवण्याची भाषा केली आणि त्याच रात्री ते बंद झाले. बंदी अमलात आणली होती ती मुख्यतः इंटरनेट कंपन्यांच्या डीएनएस सर्व्हरमधून. तिला वळसा घालायला दोन रकाने पुरेसे होते. इस्तंबूलच्या भिंतींवर स्प्रेने ८.८.८.८ आणि ८.८.४.४ लिहिलेले फोटो जगभर फिरले. सरकारने मग ट्विटरचे आयपी पत्तेच अडवले. महिनाअखेरीस गूगलने जाहीर केले, की तुर्की कंपन्या गूगलच्या पत्त्यावर निघालेले प्रश्न वाटेतच पकडून गूगलच्या नावाने स्वतःच उत्तरे देत आहेत. रकान्यात आकडे बरोबर होते, पण उत्तर देणारा भलताच होता.

या प्रकाराने रकान्याची मर्यादा चव्हाट्यावर आली. प्रश्न कुणाला पाठवायचा हे तिथे ठरत होते, पण तो उघडाच जात असल्याने वाटेतला कुणीही तो वाचू वा बदलू शकत होता. १ एप्रिल २०१८ रोजी क्लाउडफ्लेअर या कंपनीने १.१.१.१ ही सेवा सुरू केली ती गोपनीयतेचा डंका वाजवत, आणि त्याच वर्षी हे प्रश्न ब्राउझरच्या कुलूपबंद वाहतुकीतून नेण्याचे मानक तयार झाले. मोझिला या संस्थेने ते आपल्या फायरफॉक्स ब्राउझरमध्ये आणायचे ठरवल्यावर, कंपन्यांची गाळणी त्याने चुकवली जाईल म्हणून, ब्रिटनमधल्या इंटरनेट कंपन्यांच्या संघटनेने २०१९मध्ये तिला 'इंटरनेटचा खलनायक' या किताबासाठी नामांकन दिले आणि ओरड होताच ते मागे घेतले. २०२०मध्ये फायरफॉक्सने अमेरिकेत ही सोय आपणहून चालू केली. विंडोज ११मध्येही त्याच जुन्या आकड्यांशेजारी कुलपाचा पर्याय आला.

त्यामुळे आता एकाच टेबलावरच्या संगणकासाठी राउटर, विंडोज आणि ब्राउझर असे तिघे पत्ता कुणाला विचारायचा हे वेगवेगळे ठरवू शकतात. मुलांसमोर प्रौढांच्या वेबसाइट येऊ नयेत म्हणून एखाद्या पालकाने विंडोजच्या रकान्यात क्लाउडफ्लेअरचा १.१.१.३ हा गाळणीवाला पत्ता भरला आणि ब्राउझरमध्ये दुसराच मध्यस्थ निवडलेला असला, तर ती गाळणी ब्राउझरला लागूच होत नाही. तिथेही गाळणीवाला मध्यस्थच निवडावा लागतो.