एक रुपया आणि विड्यांचं सूप

शाळा सोडलेल्या मुलांसाठी सरकारी कागदात 'गळती' असा शब्द असतो. मला तो कधीच आवडला नाही. छप्पर गळतं, नळ गळतो. मुलाला कुणीतरी कामावर नेतं. सोलापुरात कुठे नेलं, तिथून सुरुवात करू.

1877 साली इथे जुनी गिरणी उभी राहिली. 1881 च्या कारखाना कायद्याने सात वर्षांखालच्या मुलांना कामावर घ्यायला बंदी केली. म्हणजे सात पूर्ण झालेलं मूल दिवसाला नऊ तास राबवायला मोकळीक होती. 1891 मध्ये वय नऊ आणि तास सात झाले, 1922 मध्ये वय बारा, तास सहा. सात तास गिरणीत काढलेलं पोर संध्याकाळी पाटी घेऊन बसेल असं ज्याला वाटत होतं, त्याने ते पोर पाहिलेलं नसावं.

जोतीराव फुल्यांनी 1882 मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन दिलं, ते याच काळातलं. बारा वर्षांपर्यंत शिक्षण सक्तीचं करा, असं त्यात आहे. पण त्याच निवेदनात मुलांना लहान लहान शिष्यवृत्त्या आणि बक्षिसं द्या, म्हणजे आईबाप त्यांना शाळेत धाडतील, हेही आहे. फी माफ केली तरी मुलाची मजुरी बुडतेच, ती कुणीतरी भरून द्यायला हवी, हे त्यांनी ओळखलं होतं. शाहू महाराजांनी 1917 मध्ये कोल्हापुरात सक्तीचं मोफत शिक्षण सुरू केलं, तेव्हा मूल न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड होता.

हा रुपया लक्षात ठेवा. 1992 मध्ये महाराष्ट्र सरकारने उलटा रुपया काढला. अनुसूचित जाती, जमाती, भटक्या-विमुक्त आणि दारिद्र्यरेषेखालच्या घरातल्या पहिली ते चौथीच्या मुलींना हजेरीच्या प्रत्येक दिवसाला एक रुपया. वर्षाला जास्तीत जास्त 220. पंचाहत्तर टक्के हजेरी हवी. त्या वेळी रुपयाला थोडी तरी किंमत होती. तीस वर्षांनीही तो रुपयाच राहिला, ही मात्र थट्टा झाली.

आता पूर्व भागात या. दारात बाई बसलेली, मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि पानं. शेजारी मुलगी. पान कात्रीने कापायचं, विडी वळायची, दोरा बांधायचा. यातलं काही ना काही लहान बोटांना जमतंच. मजुरी हजार विड्यांवर. मुलीचा हात लागला की हजाराचा आकडा लवकर गाठता येतो. 1986 च्या बालकामगार कायद्याने विडी वळण्याच्या कामात मुलांना बंदी केली खरी, पण कुटुंबाच्या मदतीने घरी चालणाऱ्या कामाला त्यातून सूट दिली. सोलापुरात विड्या घरातच वळतात! म्हणजे कायदा उंबऱ्यापाशी थांबला.

पैशाच्या दोन वाटा मात्र इथवर पोचल्या. पहिली, 1976 च्या विडी कामगार कल्याण निधीची. विड्यांवर उपकर बसवायचा आणि त्यातूनच कामगारांच्या मुलांना शिष्यवृत्ती द्यायची. मला ही कल्पना फार न्याय्य वाटते, कारण पोराला शाळेबाहेर ठेवणाऱ्या धंद्यातूनच त्याच्या शाळेचा खर्च निघत होता. अडचण ओळखपत्राची. ज्या बाईची कारखान्याच्या दप्तरी नोंदच नाही, तिच्या मुलीला काय मिळणार?

दुसरी वाट राष्ट्रीय बालकामगार प्रकल्पाची. देशात तो 1988 मध्ये सुरू झाला, पुढे सोलापूर जिल्ह्यातही आला. केंद्राचा पैसा थेट जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या संस्थेकडे यायचा. कामावरून सोडवलेल्या मुलांसाठी विशेष शाळा, जेवण आणि महिन्याला शंभर रुपये विद्यावेतन. ते पुढे दीडशे झालं, मग चारशे. मुलाला थोडं तयार करायचं आणि नेहमीच्या शाळेत बसवायचं, असा बेत. फुल्यांनी सुचवलेल्या गोष्टीच्या सर्वांत जवळ सरकार आलं ते इथे, असं मी म्हणेन. पण घरात आईशेजारी बसलेली मुलगी 'कामगार' म्हणून नोंदवायची कशी, हा पेच इथेही होताच.

2017 मध्ये जीएसटी आला आणि विडीवरचा उपकर रद्द झाला. शिष्यवृत्ती चालू राहिली, पण तिचा हक्काचा झरा गेला. आता ती अर्थसंकल्पातल्या तरतुदीवर आहे. 2021 मध्ये बालकामगार प्रकल्पही समग्र शिक्षा अभियानात विलीन झाला.

ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठीच्या साखरशाळा आणि हंगामी वसतिगृहं आज राहून गेली. तो विषय पुढच्या व्याख्यानात घेऊ.