पर्वताची बखर आणि अस्सल कागद

इतिहासाच्या अभ्यासकाला बखर टाकून देता येत नाही आणि तिच्यावर सर्वस्वी विसंबताही येत नाही. हा धडा मराठी वाचकाला नवा नाही. वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. अस्सल पत्र आणि मागाहून रचलेली हकिकत यांतला भेद अशा प्रयत्नांमुळेच आपल्या इतिहासलेखनाच्या अंगवळणी पडला. ज्या घराण्यांच्या माळ्यावर जुनी दप्तरे अजून बांधून ठेवलेली आहेत, त्यांना तो वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. हाच भेद अगदी निराळ्या क्षेत्रात, पर्वतावरील वनस्पतींच्या अभ्यासात, कसा निर्णायक ठरला, ते येथे सांगण्याचा आमचा विचार आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. डोंगर चढू लागलो की हवा थंड होत जाते. साधारणपणे दर शंभर मीटरमागे अर्ध्या अंशाहून थोडी अधिक. त्यामुळे प्रत्येक वनस्पतीचा आपला असा एक पट्टा ठरलेला असतो. त्याच्या खाली इतर झाडोरा तिला जगू देत नाही आणि वर थंडी जगू देत नाही. हवामान तापू लागले तर हे पट्टे वर सरकावेत, हे अनुमान सोपे आहे. पण सरकले किती, हे सांगायचे तर पूर्वी ते कोठे होते याची कोणीतरी लिहून ठेवलेली नोंद हवी. रोपटे स्वतः आपल्या आजोबांचा पत्ता सांगत नाही.

अशा नोंदींत सर्वांत ख्यातनाम नोंद अलेक्झांडर फॉन हम्बोल्ट या जर्मन शास्त्रज्ञाची. त्याने एमे बाँप्लां या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञासह दक्षिण अमेरिकेचा दीर्घ प्रवास केला. २३ जून १८०२ रोजी ते दोघे सोबत्यांसह आजच्या इक्वेडोरमधील चिंबोराझो पर्वतावर चढले. जगातला सर्वांत उंच पर्वत म्हणून त्या काळी त्याची ख्याती होती. वाटेत आडव्या आलेल्या एका खोल दरीमुळे त्यांना शिखराखालूनच परतावे लागले. पण तोवर मनुष्य इतक्या उंचीवर पोहोचल्याची नोंद युरोपला ठाऊक नव्हती. पुढे १८०७ साली हम्बोल्टने वनस्पतींच्या भूगोलावरील आपला निबंध प्रसिद्ध केला आणि त्यासोबत एक मोठा रंगीत तक्ता जोडला. त्यात चिंबोराझोचा उभा छेद दाखवून कोणत्या उंचीवर कोणती वनस्पती आढळते, ते पर्वताच्या अंगावरच बारीक अक्षरांत लिहिले होते. बाजूच्या रकान्यांत हवेचा दाब, उष्णता, आकाशाच्या निळाईची छटा असे तपशील होते. निसर्गाकडे एकसंध दृष्टीने पाहण्याची रीत या एका चित्राने युरोपला शिकवली, असे म्हटले तरी चालेल.

या तक्त्याला दोनशे वर्षे होऊन गेल्यावर, २०१२ साली, संशोधकांचे एक पथक चिंबोराझोवर चढले. त्यांनी हम्बोल्टचा तक्ता प्रमाण मानून पर्वताची पुन्हा पाहणी केली. निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाला. वनस्पतींची वरची सीमा सुमारे ४,६०० मीटरवरून ५,१८५ मीटरवर गेली होती आणि एकंदर वनस्पती सरासरीने पाचशे मीटरांहून अधिक वर सरकल्या होत्या. आकडा मोठा होता, त्यामुळे त्याची चर्चाही मोठी झाली.

येथेच अस्सल कागदाचा प्रश्न पुढे आला. पिएर मोरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी छापील तक्ता बाजूला ठेवून त्यामागची मूळ कागदपत्रे उघडली: प्रवासात लिहिलेल्या वह्या, गोळा केलेल्या वाळवलेल्या वनस्पती, त्यांवरील स्थळांच्या नोंदी. २०१९ साली त्यांनी जे दाखवून दिले ते इतिहासाच्या अभ्यासकाला फारसे अनपेक्षित वाटणार नाही. तक्त्यावरील उंच प्रदेशाच्या वनस्पती बहुतांशी चिंबोराझोवर गोळा केलेल्या नव्हत्याच. हम्बोल्ट आणि बाँप्लां यांनी त्या मुख्यत्वे अँटिसाना या दुसऱ्या पर्वतावर, १८०२ च्याच मार्च महिन्यात, वेचल्या होत्या. तक्ता हे एका पर्वताचे चित्र नसून अनेक ठिकाणच्या निरीक्षणांवरून मनाशी बांधलेली रचना होती. तिच्यातील काही उंची तर पडताळलेल्याही नव्हत्या. हम्बोल्टला स्वतःला याची जाणीव असावी, कारण पुढील लेखनात तो हे आकडे पुनःपुन्हा दुरुस्त करीत राहिला.

मोरे यांच्या पथकाने मग मूळ नोंदींनुसार अँटिसानावर जाऊन पाहणी केली. तेथे वनस्पती सरासरी २१५ ते २६६ मीटर वर सरकल्याचे आढळले. म्हणजे आधीच्या आकड्याच्या जवळपास निम्मेच.

या प्रकरणाचा विपरीत अर्थ काढणारेही भेटतील. पहिला आकडा चुकला, तेव्हा सारेच खोटे, असा त्यांचा युक्तिवाद असेल. आमचे मत नेमके उलट आहे. बखरीतील तपशील चुकला म्हणून लढाई झालीच नाही असे होत नाही. अस्सल कागद पाहिल्यावर आकडा खाली आला, परंतु दिशा तीच राहिली, आणि आता ती भक्कम पायावर उभी आहे. दोन शतकांत एक अख्खी वनस्पतिसृष्टी दोन-अडीचशे मीटर वर ढकलली जावी, ही लहान गोष्ट नव्हे.

उत्तम दप्तर कसे असावे, याचे उदाहरण आल्प्स पर्वतात सापडते. स्वित्झर्लंडमधील पिझ लिनार्ड हे शिखर ३,४१० मीटर उंचीचे. ओस्वाल्ड हेअर हा निसर्गशास्त्रज्ञ १८३५ साली तेथे पोहोचला, तेव्हा माथ्यावर त्याला फुलझाडाची एकच जात दिसली. ती त्याने लिहून ठेवली. त्याच्यानंतर वेगवेगळ्या पिढ्यांतील अभ्यासक त्याच माथ्यावर जाऊन मोजणी करीत राहिले. २०११ साली तेथे सोळा जाती नोंदल्या गेल्या. जागा एकच, प्रश्न एकच आणि उत्तरे पावणेदोनशे वर्षांची. व्हिएन्नाच्या गेओर्ग ग्राबहेर आणि त्यांच्या दोघा सहकाऱ्यांनी अशाच जुन्या नोंदी घेऊन तीन हजार मीटरांवरील २६ शिखरांची फेरपाहणी केली व १९९४ साली तिचे निष्कर्ष मांडले. वनस्पती वर चढत होत्या, पण बहुधा दशकाला एका मीटरहूनही कमी वेगाने. तापमानवाढीच्या हिशेबाने हा वेग आठ ते दहा मीटर असावयास हवा होता. म्हणजे हवा पुढे निघून गेली होती आणि झाडे मागे रेंगाळत होती.

जुन्या नोंदींत उणिवा राहतात, हे ओळखून याच मंडळींनी पुढच्या पिढ्यांसाठी नवे दप्तर उघडले. ‘ग्लोरिया’ या नावाने ओळखली जाणारी ही योजना २००१ साली युरोपातील १८ पर्वतप्रदेशांत सुरू झाली. तिची रीत साधी, पण काटेकोर आहे. प्रत्येक प्रदेशात वेगवेगळ्या उंचीची चार शिखरे निवडायची. प्रत्येक शिखराच्या चारही दिशांना एक मीटर लांबी-रुंदीचे चौकोन आखून त्यांतील प्रत्येक जात नोंदायची. जमिनीत दहा सेंटिमीटर खोल तापमापक पुरून ठेवायचा. आणि काही वर्षांनी पुन्हा त्याच चौकोनावर यायचे. आज निरनिराळ्या खंडांत मिळून शंभराहून अधिक प्रदेश या योजनेत आहेत.

पहिल्या सात वर्षांतच तिने एक महत्त्वाची गोष्ट दाखवली. मध्य आणि उत्तर युरोपातील शिखरांवर सरासरी ३.९ जाती वाढल्या, तर भूमध्य समुद्राकडील शिखरांवर १.४ जाती घटल्या. तेथे उष्णतेच्या जोडीला पाण्याची टंचाई आहे. जाती वाढल्या म्हणून आनंद मानण्याचेही कारण नाही. खालून आलेली धटिंगण रोपे माथ्यावरच्या बुटक्या, सावकाश वाढणाऱ्या मूळ रहिवाशांची जागा घेतात, आणि त्या बिचाऱ्यांना शिखराच्या वर दुसरे घर नसते.

आपल्या देशातही असे एक दप्तर आहे. जोसेफ डाल्टन हूकर हा इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ १८४८ ते १८५० या काळात सिक्कीमच्या डोंगरांत फिरला. बॅरोमीटरने आणि पाणी उकळण्याच्या तापमानावरून तो उंची मोजी व वनस्पतीसोबत लिहून ठेवी. १८४९ च्या अखेरीस तो सिक्कीमच्या राजसत्तेच्या कैदेतही पडला होता. त्याच्या नोंदींशी २००७ ते २०१० मधील निरीक्षणे ताडून पाहिली असता त्या प्रदेशापुरत्याच मर्यादित असलेल्या १२४ जातींपैकी ८७ टक्के जाती वर सरकलेल्या आढळल्या. २०१३ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

आता आपल्या सह्याद्रीकडे वळून पाहू. त्याचे महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई अवघे १,६४६ मीटर उंच. बर्फाची रेषा येथे नाही, आणि वर सरकायला जागाही फारशी नाही. साताऱ्याजवळच्या कास पठाराला २०१२ साली जागतिक वारशात स्थान मिळाले. तेथल्या कातळसड्यावर पावसाळ्यात उमलणारा वायतुरा मुळातच माथ्यावर राहतो. तो आणखी कोठे चढणार? थिओडोर कूक यांनी १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा मोठा ग्रंथ सिद्ध केला. त्यात ठिकाणांची नावे आहेत. तेवढ्या आधारावरही पुष्कळ काही ताडून पाहता येईल.

हेअरने १८३५ साली एका रोपट्याचे नाव टिपले, तेव्हा हवामानबदल हा शब्दही जन्मला नव्हता. आपली नोंद कशाच्या कामी येईल हे त्याला ठाऊक नव्हते. जागा नीट सांगितली, जे पाहिले तेच लिहिले, एवढेच त्याने केले. आमच्या वाचकांपैकी कोणाच्या घरी वाडवडिलांच्या जुन्या रोजनिशीत एखाद्या घाटातील मोहोराची, पहिल्या पावसाची किंवा फुलांची तारीखवार नोंद असेल, तर ती रद्दीत जाऊ देऊ नये, एवढीच विनंती. आणि जे आज डोंगरावर जातात त्यांनी वही सोबत न्यावी. पुढची पिढी ती अस्सल कागद म्हणूनच उघडणार आहे.