अमेरिकेतील महाविद्यालयीन बास्केटबॉल स्पर्धा, १९८५

अमेरिकेतील महाविद्यालयीन बास्केटबॉलची हंगामाअखेरची बाद पद्धतीची राष्ट्रीय स्पर्धा १९८५ साली प्रथमच ६४ संघांत झाली. उपांत्य फेरीतील चारपैकी तीन संघ कॅथलिक विद्यापीठांचे होते: येशूसंघीयांचे जॉर्जटाउन, ऑगस्टिनियनांचे व्हिलानोव्हा आणि व्हिन्सेंशियनांचे सेंट जॉन्स. हा योग आम्हांस विशेष वाटतो. १ एप्रिल रोजी लेक्सिंग्टन येथे व्हिलानोव्हाने गतविजेत्या जॉर्जटाउनला ६६-६४ असे नमविले. त्याच हंगामात त्यांच्याकडून ते दोनदा हरले होते! चेंडू किती वेळ हाती राखावा यावर त्या स्पर्धेत बंधन नव्हते. प्रशिक्षक रोली मासिमिनो यांच्या खेळाडूंनी घाई केली नाही. मैदानावरून केलेल्या २८ फेकींपैकी २२ अचूक ठरल्या. उत्तरार्धात तर एकच चुकली. विभागात आठवे मानांकन असलेल्या व्हिलानोव्हाहून खालचा संघ आजवर विजेता झालेला नाही.